जुनी भाड्याची इमारत घेताय? खान्देशात दुरुस्तीचं काम कोणत्या क्रमाने करायचं

जुनी इमारत घेतलेला नवखा माणूस पहिला फेरा टाइल्सच्या शोरूमला मारतो. मग पीओपी, मग रंग, मग जिन्याला स्टीलचं रेलिंग. दिवाळीत इमारत झकास दिसते. पुढच्या श्रावणात वरच्या मजल्याच्या छताचे पोपडे सुटतात, संडासाच्या भिंतीला ओल येते आणि गळका पाइप शोधायला नव्याकोऱ्या टाइल्स फोडाव्या लागतात. जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार, कुठेही जा, हीच गत. पैसे पुरेसे असतात, क्रम चुकतो.

इथे डोळ्यांसमोर आहे ती आपल्याकडची नेहमीची इमारत: तळमजला आणि वर दोन-तीन मजले, साधारण १९८० ते २००० च्या दरम्यान बांधलेली, खाली दुकानं, वर सहा-आठ फ्लॅट, मालक एकच किंवा एकाच घरातले भाऊ. मोठ्या इमारतीत तुम्ही फक्त एक-दोन फ्लॅट घेत असाल तर गच्ची, जिना, ड्रेनेज सगळं सामाईक असतं आणि त्याला सोसायटीचा किंवा अपार्टमेंट असोसिएशनचा ठराव लागतो. तिथे यातला निम्माच भाग तुमच्या हातात राहील.

## टप्पा १: इसार देण्याआधी कागद

दलाल म्हणेल, "एक लाख टाकून ठेवा, कागद होत राहतील." टाकू नका. आधी वकिलाकडून मालकीच्या नोंदींचा किमान तीस वर्षांचा शोध घ्या आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. नगर भूमापन झालेल्या भागात मिळकत पत्रिका, नसेल तिथे सातबारा आणि एन.ए. (बिगरशेती) आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, घरपट्टीची शेवटची पावती, असा संच जमवा. प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे परवानगीशिवाय तुकडे पाडून विकलेला असेल तर तो नियमित झाल्याचा आदेश मागा. "सगळी कॉलनी तशीच आहे" हे उत्तर तुम्हाला विकताना उपयोगी पडणार नाही.

खरी गोम वारसांत असते. वडिलांच्या नावची इमारत, चार भाऊ सह्या करायला तयार, आणि दोन बहिणींचा उल्लेखच नाही. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. बहिणींचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र तरी हवं, नाहीतर खरेदीखतावर त्यांची सही. "ताई काही मागणार नाही" असं भाऊ सांगतो. तेच ताईच्या सहीने घ्या.

दुसरं म्हणजे मंजूर नकाशा हातात घेऊन इमारतीतून फिरा. बंद केलेल्या बाल्कन्या, पार्किंगमध्ये काढलेली दुकानं, गच्चीवर उभा केलेला एक खोलीचा "मजला", सगळं त्या नकाशाशी जुळवा. जे नकाशात नाही, त्याचं भाडं हिशेबात धरू नका. ते उद्या पाडावं लागू शकतं.

तपासा: घरपट्टी, नळपट्टी आणि प्रत्येक मीटरचं वीजबिल. विजेची थकबाकी जागेबरोबर नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकते. शेवटची बिलं चुकती झाल्याचा उल्लेख साठेखतात करून घ्या. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून जास्तीचा असेल तर एक टक्का टीडीएस कापून भरणं ही तुमची, म्हणजे घेणाऱ्याची जबाबदारी आहे.

## टप्पा २: आत कोण राहतं?

इमारत घेता तेव्हा भाडेकरूही घेता. प्रत्येकाची वेगळी नोंद करा: किती वर्षांपासून आहे, पावती कोणाच्या नावाने, अनामत किती, करार आहे का आणि तो नोंदवलेला आहे का. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, आणि ती जबाबदारी मालकावर आहे.

लिव्ह अँड लायसन्सवरचा, म्हणजे ठराविक मुदतीच्या परवाना-करारावरचा भाडेकरू मुदत संपली की जागा सोडतो. जुना पावतीवाला किंवा पगडीचा भाडेकरू तसा नाही. धुळ्यात आग्रा रोडला किंवा जळगावात नवी पेठेत बाजारातली इमारत घेत असाल तर खालचे दुकानदार बहुधा दुसऱ्या प्रकारचे निघतील. दुरुस्तीसाठी जागा रिकामी करून मागायची तरतूद कलम १६ मध्ये आहे, पण तो मार्ग न्यायालयातून जातो आणि दुरुस्तीनंतर भाडेकरूला परत येण्याचा हक्क राहतो. त्यामुळे त्यांना "काढू" असं गृहीत धरून किंमत ठरवू नका. ते आहेत त्या भाड्याने राहतील असं धरा आणि तरीही सौदा परवडतो का ते बघा.

सावधान: भाडेकरू निघावा म्हणून पाणी किंवा वीज तोडणं हा गुन्हा आहे (कलम २९). कामासाठी पुरवठा बंद करावा लागणार असेल तर आधी लेखी कळवा, तास सांगा आणि टँकरची सोय करा.

## टप्पा ३: इमारत वाचणे

याला सगळ्यात जास्त वेळ द्या. शक्य असेल तर इमारत दोनदा बघा, एकदा मे महिन्यात आणि एकदा भर पावसात. कारण काळी जमीन. तापीच्या खोऱ्यातली आपली कापसाची जमीन उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते. उथळ पायाची इमारत त्यासोबत हलते. एप्रिल-मेमध्ये खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग उघडी दिसते, ऑगस्टमध्ये तीच जवळजवळ मिटलेली असते. पावसाळ्यात बघून "भेगा नाहीत" म्हणणारा आणि उन्हाळ्यात बघून "गळत नाही" म्हणणारा, दोघेही फसतात.

भेग जिवंत आहे की जुनी, ते ओळखायची साधी रीत आहे. भेगेवर काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने दोन्ही बाजूंना चिकटवा, शेजारी तारीख लिहा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारा. काच तडकली किंवा भेग रेघेपुढे गेली तर हालचाल चालू आहे. अशा भेगेत पुट्टी भरणं म्हणजे पैसे भिंतीत कोंबणं. आधी इमारतीभोवतीचं पाणी आवरावं लागतं. गच्चीचा पाइप थेट पायाशी सोडलेला असतो, चेंबर फुटलेलं असतं, बाजूने फरसबंदी नसते. चारी बाजूंनी मीटर-दीड मीटर रुंद, बाहेरच्या दिशेने उतार दिलेली फरसबंदी केली आणि पाणी नालीपर्यंत नेलं, की पायाजवळचा ओलावा बराच स्थिर होतो. हे काम स्वस्त असून कोणी करत नाही, कारण त्याने भाडं वाढत नाही.

मग छज्जे. खान्देशातल्या प्रत्येक जुन्या इमारतीत एक खूण सापडते: खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर, कूलरमधून चार महिने टपटपणारं पाणी, खाली छज्ज्यावर पांढरट-तांबूस डाग. तो छज्जा खालून बघा. सळईच्या रेषेत सरळ भेग गेली असेल तर आत लोखंड गंजून फुगलंय. छोट्या हातोडीने ठोका. भरीव ठिकाणी टणक आवाज येतो, आतून सुटलेलं असेल तर पोकळ. संडास-बाथरूमच्या खालची छतं, जिन्याखालची बाजू, गच्चीवरच्या टाकीखालचे बीम, सगळीकडे असंच ठोकत जा आणि पोकळ भागावर खडूने गोल करा.

इमारत आरसीसी फ्रेमची (काँक्रीटच्या कॉलम-बीमच्या सांगाड्याची) आहे की भिंतींवर उभी आहे, हेही इथेच ठरवा. खालपासून वरपर्यंत त्याच जागी नऊ इंची किंवा त्याहून जाड भिंती, आणि कॉलम कुठे दिसतच नाहीत, तर ती भारवाहक भिंतींची इमारत असण्याची शक्यता मोठी. तिथे "हॉल मोठा करू" म्हणून एकही भिंत स्वतःच्या मनाने फोडायची नाही. इंजिनिअरने काढलेल्या नकाशाशिवाय घण उचलायचा नाही.

आता स्ट्रक्चरल ऑडिट. महापालिका हद्दीत तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीला संरचनात्मक स्थैर्याचं प्रमाणपत्र कायद्यानेच लागतं. पण कागदासाठी केलेलं ऑडिट आणि निर्णयासाठी केलेलं ऑडिट यात फरक आहे. तुमच्या इंजिनिअरला रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक चाचणीबरोबर दोन गोष्टी करायला सांगा. काही ठिकाणी काँक्रीट फोडून सळईचा खरा व्यास मोजायचा. आणि ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थेलिन फवारायचं. गुलाबी झालं तर काँक्रीटची अल्कली अजून शाबूत आहे, रंग आलाच नाही तर ती संपलेली आहे आणि तिथलं लोखंड गंजायला मोकळं झालंय. रंगहीन थर सळईपर्यंत पोचलाय का, एवढं विचारा.

अहवालात वर्ग येईल. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. पहिली इमारत घेणाऱ्याने सी-२बी किंवा सी-३ च घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. सी-२ए मध्ये भाडं बंद होतं, कर्जाचा हप्ता मात्र चालू राहतो.

तपासा: ऑडिट करणारा इंजिनिअर आणि दुरुस्ती करणारा ठेकेदार एकच माणूस किंवा एकमेकांचे पाहुणे तर नाहीत ना?

## टप्पा ४: हिशेब, सौद्याच्या आधी

आकडे मुद्दाम सोपे घेतलेत, तुमचे तुम्ही भरा. समजा सहा फ्लॅटचे ७,००० रुपये आणि दोन दुकानांचे ९,००० रुपये भाडं, म्हणजे महिन्याला ६०,००० आणि वर्षाला ७,२०,०००. नवखा माणूस इथेच थांबतो. यातून एक महिना रिकामा गेला असं धरून ६०,००० वजा करा. घरपट्टी-नळपट्टी ४५,०००, जिन्याचे दिवे, पंप, सफाई ४०,०००, वर्षाची डागडुजी ५५,०००. हाती राहिले ५,२०,०००.

आता दुसरी बाजू. खरेदी ६५ लाख, मुद्रांक-नोंदणी-वकील ५ लाख, दुरुस्ती २० लाख आणि राखीव ५ लाख, म्हणजे ९५ लाख. परतावा साडेपाच टक्क्यांच्या आत-बाहेर. बँकेचं कर्ज नऊ टक्क्यांनी घेऊन हा सौदा केला तर दर वर्षी खिशातून भर घालावी लागेल. जागेची किंमत वाढेल या भरवशावर तो करायचा असेल तर खुशाल करा, पण तसं स्वतःला आधीच सांगा. शिवाय जुन्या इमारतीला बँक उरलेलं आयुष्य आणि स्थैर्याचं प्रमाणपत्र विचारते. कर्ज मंजूर होण्याआधी न परतणारा इसार देऊ नका.

राखीव रक्कम दुरुस्तीच्या अंदाजाच्या चौथा हिस्सा तरी असू द्या. प्लास्टर उघडल्याशिवाय आतलं लोखंड कोणालाच दिसत नाही, इंजिनिअरलाही नाही. आणि प्रत्येक खर्चाचं पक्कं बिल जपून ठेवा. पुढे विकताना सुधारणेचा खर्च नफ्यातून वजा करायला तेच लागतं. घरभाड्याच्या उत्पन्नावर घरपट्टी वजा जाता ३० टक्के सरसकट वजावट मिळते, तिला बिलं लागत नाहीत.

## टप्पा ५: परवानगी आणि ठेका

प्लास्टर, फरशी, रंग, आहे त्या जागी दारं-खिडक्या बदलणं अशा डागडुजीला एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे बांधकाम परवानगी लागत नाही. कॉलम-बीमला हात लावणं, जिना हलवणं, बाल्कनी खोलीत घेणं, राहत्या जागेचं दुकान करणं, मजला चढवणं याला लागते. शंका असेल तर नोंदणीकृत आर्किटेक्टकडून नगररचना विभागाला पत्र द्या आणि पोच घ्या. लिफ्ट बसवायची असेल तर परवाना विद्युत निरीक्षण विभागाचा.

ठेका देताना "सगळं मिळून उक्तं" हा प्रकार टाळा. जुन्या इमारतीत किती काँक्रीट उखडावं लागेल हे आधी ठरत नाही. उक्त्या कामात ते नेमकं कमी उखडलं जातं. मिस्त्री सांगतो, "भाऊ, प्लास्टर मारी देऊत, काहीच दिसाव नही." दिसणार नाही हे खरंच आहे. म्हणून कामागणिक मोजमापाचे दर ठरवा: प्लास्टर ब्रासवर (शंभर चौरस फूट), पाइप फुटावर, काँक्रीट दुरुस्ती मोजलेल्या क्षेत्रावर. मोजमाप झाकण्याआधी, फोटो काढून, दोघांच्या सह्यांनी.

बिलातले दहा टक्के एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत रोखून ठेवायचे, हे करारात पहिल्याच पानावर लिहा. चांगला ठेकेदार कुरकुरतो आणि मान्य करतो. जो पळतो, तो गच्चीच्या कामालाही टिकला नसता.

## टप्पा ६: खान्देशचं कॅलेंडर

आपल्याकडे काम वर्षभर सारखं चालत नाही. कापूस वेचणीला, म्हणजे दसऱ्यापासून पुढे दोन-अडीच महिने, बिगारी मिळणं अवघड. होळीच्या आठवडाभर आधी भोंगऱ्या बाजार भरतात आणि सातपुड्यातले पावरा-भिल्ल मजूर गावाकडे जातात, ते होळी करूनच परततात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) तर गवंड्यापासून वायरमनपर्यंत सगळेच गायब. यात कोणाला दोष देऊ नका, तारखाच तशा धरा.

दिवाळीनंतर लगेच गच्ची, जानेवारी-फेब्रुवारीत काँक्रीट दुरुस्ती आणि पाइप, मार्चमध्ये वायरिंग आणि प्लास्टर, एप्रिल-मेमध्ये फरशी आणि आतला रंग, असा आराखडा सहसा जमतो. मजूर कमी म्हणून सुरुवात सावकाश होईल, तेवढं गृहीत धरा. भाडेकरू कानबाईच्या (श्रावणातल्या सणाच्या) आधी घर रंगवून मागतील. श्रावणात ओल्या भिंतीवर रंग देऊ नका, चुना मारून वेळ निभावून न्या.

मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास जातो. त्या दिवसांत सिमेंटचं काम पहाटे किंवा सूर्य कलल्यावर. खडी-वाळू सावलीत ठेवा, ओली करा. कोरड्या उष्ण हवेत काँक्रीट किमान १० दिवस सतत ओलं राहायला हवं, पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर १४ दिवस. सकाळ-संध्याकाळ पाइपने झोडपणं पुरत नाही, दुपारी ते सुकून जातं. गोणपाट बांधा आणि गोणपाट ओलं ठेवा.

सावधान: बोअरचं खारं पाणी काँक्रीटमध्ये वापरण्याआधी प्रयोगशाळेत तपासा. सळई असलेल्या काँक्रीटसाठी क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. वाळू गिरणेची असो की क्रश सँड, पावती आणि वाहतूक पास घेऊनच गाडी खाली करून घ्या.

## टप्पा ७: गच्ची

ऑडिटमध्ये कॉलमचं काम निघालं असेल तर ते सगळ्यात आधी, टेके देऊन. तसं नसेल तर सुरुवात वरून. खालचं छत आधी दुरुस्त करून मग गच्चीकडे वळणारे पुष्कळ असतात. वरून ओल येत असताना खालून केलेली दुरुस्ती वर्षभरात सुटते.

१. गच्चीवरचं भंगार, कुंड्या, फुटक्या टाक्या खाली उतरवा. उखडलेला राडारोडा स्लॅबवर ढीग करून ठेवू नका, रोजच्या रोज खाली.

२. जुना ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा उताराचा थर, उखडा. त्यावरच नवा टाकायचा मोह आवरा. चार इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास असतं. दोन थर म्हणजे थकलेल्या स्लॅबवर दुप्पट ओझं.

३. उघड्या स्लॅबच्या भेगा भरून घ्या, पन्हाळीची तोंडं मोठी करा. डिश अँटेना, सोलर, टाकी यांचे ओटे आत्ताच बांधा. नंतर कोणी ड्रिल मारलं की सगळं पाण्यात.

४. वॉटरप्रूफिंगचा थर कठड्यावर किमान फूटभर चढवा आणि कोपऱ्याला गोलाई द्या. गळती बहुतेक वेळा या कोपऱ्यातूनच सुरू होते.

५. नव्या कोब्याला उतार साधारण शंभराला एक. वरून पांढऱ्या चायना मोझॅकच्या तुकड्यांची फरशी. आपल्या उन्हाला पांढरी गच्ची लागतेच, वरच्या मजल्याचा फ्लॅट उन्हाळ्यात रिकामा राहतो तो काळ्या गच्चीमुळे.

तपासा: पन्हाळी बंद करून दोन-तीन इंच पाणी किमान ४८ तास भरून ठेवा. खाली प्रत्येक खोलीत जाऊन छत बघा. ही चाचणी झाल्याशिवाय गच्चीच्या बिलाचा मोठा हप्ता सोडू नका.

## टप्पा ८: गंजलेलं लोखंड

छत वाळू द्या, मग खडूने गोल केलेल्या भागांकडे वळा. टेके आधी. सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागेही बोट जाईल इतकं, इंचभर तरी, काढलं पाहिजे. फक्त समोरून खरवडलं तर मागचा गंज तसाच राहतो आणि नव्या कामाला ढकलून देतो. गंज वायर ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा, सळईचा व्यास मोजा, खूपच झिजली असेल तर इंजिनिअर सांगेल तशी जोडसळई. त्यावर गंजरोधक लेप, मग जुन्या-नव्याचा सांधा धरणारा बाँडिंग कोट, आणि तो चिकट असतानाच पॉलिमर मॉर्टर, पातळ थरांत. खोल खड्डा असेल तर शटरिंग करून मायक्रोकाँक्रीट (बारीक खडीचं, पातळ ओतता येणारं काँक्रीट). साध्या सिमेंट-वाळूने भरलेला छज्जा दोन उन्हाळे काढतो, तिसऱ्याला दुकानाच्या पायरीवर येतो. खाली माणूस असेल तर पुढचं सांगायला नको.

आणि कूलरचे स्टँड छज्ज्यावरून काढा. भिंतीत वेगळे अँगल द्या, खाली ट्रे आणि निचऱ्याची नळी द्या.

## टप्पा ९: पाइप, मजल्याने नाही तर ओळीने

नवख्यांची सगळ्यात महागडी चूक इथे होते. पहिल्या मजल्यावरचा एक फ्लॅट रिकामा झाला, म्हणून त्याचं बाथरूम नवं केलं. वर दुसऱ्या मजल्यावर जुनाच भाडेकरू, न्हाणीच्या पाण्याचा जुनाच ट्रॅप. सहा महिन्यांत वरची गळती नव्या छतातून खाली. बाथरूम-संडास एकाखाली एक असतात, त्यांचा उभा पाइप एक असतो, तर काम त्या उभ्या ओळीत वरपासून खालपर्यंत एकदम झालं पाहिजे. एक ओळ घ्या, तिथल्या कुटुंबांना रिकाम्या फ्लॅटमधलं बाथरूम वापरायला द्या, ओळ पूर्ण करा, मग दुसरी. एक फ्लॅट त्यासाठी मुद्दाम रिकामा ठेवा. त्याचं बुडालेलं भाडं हा दुरुस्तीचाच खर्च समजा.

प्रत्येक ओळीत: जुने बिडाचे पाइप काढणे, बुडीत स्लॅब (बाथरूमखालचा खाली घेतलेला स्लॅब) रिकामा करून वॉटरप्रूफिंग, पाणी भरून चाचणी, मग नवे पाइप, व्हेंट गच्चीच्या वर, खाली गली ट्रॅप (सांडपाण्याचा वास अडवणारी कुंडी) आणि झाकण उघडता येईल असं चेंबर. पाणीपुरवठ्याचे पाइप भिंत बुजवण्याआधी दाब देऊन तपासा. पाइप तर जळगावातच बनतात. तरीही आयएसआय खूण आणि जाडीचा वर्ग बघूनच घ्या.

नळाला आपल्याकडे रोज पाणी येत नाही, त्यामुळे साठवणीचा हिशेब करावा लागतो. माणशी १३५ लिटर, सहा फ्लॅट, घरटी चार माणसं, म्हणजे दिवसाला ३,२४० लिटर. चार दिवसांआड पाणी येत असेल तर जमिनीखालचा हौद १३,००० लिटरचा तरी हवा. सगळं पाणी गच्चीवर साठवू नका. हजार लिटरची टाकी भरली की टनभर वजन होतं. टाक्या कॉलमच्या डोक्यावर येतील अशा मांडा, स्लॅबच्या मधोमध कधीच नाही.

ड्रेनेज लाइन नसलेल्या कॉलनीत सेप्टिक टँक उपसून तडे बघा. काळ्या जमिनीत शोषखड्डा पावसाळ्यात पाणी घेत नाही, तो तुंबला की पाणी पायाकडे जातं आणि टप्पा ३ मधल्या भेगा परत सुरू होतात.

## टप्पा १०: वीज

जुन्या वायरिंगला "चालतंय" म्हणून हात न लावणं धोक्याचं. ती ट्यूबलाइट आणि पंख्यासाठी होती. आता प्रत्येक घरात कूलर, गिझर, कधी एसी. दिव्यांना दीड, प्लगला अडीच, एसी-गिझरला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, आणि प्रत्येक फ्लॅटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा लगेच तोडणारा स्विच. ओल्या हाताने लोखंडी कूलरला शॉक लागल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात, त्यामुळे आरसीसीबीवर पैसे वाचवू नका. अर्थिंगचा खड्डा नवा करा. परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल घ्या आणि महावितरणकडे भार वाढवून घ्या. जिना-पंपाचं मीटर वेगळं ठेवा, नाहीतर दर महिन्याला भांडणं.

## टप्पा ११: दिसणारं काम

आता टाइल्स. इथे फार सांगण्यासारखं नाही. जुन्या फरशीवर नवी चिकटवून वजन वाढवू नका. लोणा लागलेल्या भिंतीचं प्लास्टर ओलीच्या रेषेच्या दोन फूट वरपर्यंत काढा, नुसती पुट्टी खाली येते. चौकटींना वाळवी असेल तर फरशीच्या आधी वाळवीरोधक औषध भरून घ्या. बाहेरचा रंग फिका निवडा. भाड्याच्या घरात पीओपीची नक्षी, रंगीत दिवे, मॉड्युलर किचन यावर केलेला खर्च भाड्यातून सहसा निघत नाही. खिडकीला चांगली जाळी, ओट्याला ग्रॅनाइट, बंद होणारं मीटरचं कपाट, दुचाकीला सावली, यातून भाडं वाढतं आणि भाडेकरू टिकतो.

## टप्पा १२: भाड्याने देणे आणि पहिला पावसाळा

नवे करार लिव्ह अँड लायसन्स पद्धतीने, नोंदणी ऑनलाइन होते. मुद्रांक करारातल्या एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, परत न मिळणारी रक्कम घेतली तर ती त्यात धरून. परतीच्या अनामतीवर वर्षाला दहा टक्के धरून मुद्रांक लागतो, तो जमेत घ्या. पोलिस पडताळणी करा. करारात दोन ओळी जास्तीच्या टाका: गच्चीवर आणि छज्ज्यावर परवानगीशिवाय काहीही ठोकायचं नाही, आणि गळती दिसल्या दिवसापासून आठ दिवसांत कळवायची.

पहिल्या मोठ्या पावसानंतर प्रत्येक फ्लॅटमध्ये स्वतः जा. छताचे कोपरे, खिडक्यांचे खालचे कडे, डक्टच्या भिंती, चेंबर, फरसबंदीवर साचणारं पाणी, सगळं फोटोसह वहीत उतरवा आणि ठेकेदाराला लेखी पाठवा. ऑगस्टअखेर दुसरा फेरा. यादीतलं शेवटचं काम दुरुस्त होऊन पुन्हा पाणी भरून तपासलं, की मगच रोखून ठेवलेले दहा टक्के सोडा, आणि ते देताना काम पूर्ण झाल्याची सही व गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं लेखी हमीपत्र हातात घ्या.